पाच पावलं पुढे, एक पाऊल वर

(दृश्य: सकाळची टेकडी. चालणाऱ्यांचे पाय, पायाखाली मुरूम, कडेला वाळलेलं गवत.)

टेकडी चढायला लागलं की पहिल्या वळणावर जरा धाप लागते. तिथंच थांबू. पाच पावलं पुढे जाताना आपण एका पावलाएवढे वर आलो असू, तर आपण १:५ च्या उतारावर उभे आहोत. अंशांत सांगायचं तर सव्वाअकराच्या आसपास. तसा फार नाही. रिक्षा पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना, चढेल.

पण महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीत या उताराला मोठा मान आहे. यापेक्षा उभ्या उतारावर बांधकामाला परवानगी नाही. इथून खाली शहर आणि इथून वर टेकडी, अशी ती हद्द.

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. त्यावर तपकिरी वेलांट्या.)

नकाशावर ही हद्द शोधायची रीत सोपी आहे. या तपकिरी रेघा म्हणजे समोच्च रेषा. इंजिनिअर मंडळी त्यांना कंटूर म्हणतात. एका रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की उंची ५ मीटरनं वाढते. दोन रेघांमधलं आडवं अंतर २५ मीटरपेक्षा कमी भरलं, की उतार १:५ पेक्षा जास्त. पट्टी लावा आणि मोजा. शाळेतल्या मुलालाही जमेल.

खरी गोम आहे ती कधी मोजायचं यात. आधी पोकलेन लावून टप्पे पाडले, मुरूम खाली ढकलला, की तयार झालेल्या सपाटीवर कुठलाही उतार उरत नाही. तिच्या मागे मात्र दोन मजले उंच उभी कड असते. उतार गेलेला नसतो. सगळाच्या सगळा त्या एका कडेत गोळा झालेला असतो. म्हणून जुना नकाशा महत्त्वाचा. टेकडी कापण्याआधी ती कशी होती, याची साक्ष देणारं दुसरं कुणी नसतं.

(दृश्य: कापलेल्या टेकडीची भिंत. वर झाडाची मुळं लोंबकळताहेत.)

कॅमेरा थोडा जवळ नेऊ. सगळ्यात वर वीतभर माती, तिच्यात गवताच्या मुळांचं जाळं. त्याखाली मुरूम, बोटानं कुरतडला तरी सुटणारा. आणि खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी गवतात अडतं, मुरमात मुरतं आणि पाषाणावरून हळूहळू खाली पाझरतं. पायथा कापला की वरच्या मुरमाचा आधार गेला. गवत खरवडलं की पाणी अडायचं थांबलं. आता ते धावत खाली जाणार आणि जाताना मुरूम घेऊन जाणार.

पुण्यात या टेकड्यांसाठी एक वेगळं आरक्षण आहे. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली. त्यांच्या विकास आराखड्यात डोंगरमाथे आणि डोंगरउतारांवर जैववैविध्य उद्यान दाखवलं गेलं. पुण्यात त्याला सगळे बीडीपीच (बायोडायव्हर्सिटी पार्क) म्हणतात. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. सरकारची मंजुरी मिळाली २०१५ साली. गावं आली तेव्हा पाळण्यात असलेलं पोर तोवर मतदार झालं होतं.

मधल्या काळात जमीन गप्प बसली नाही. ती विकली गेली, आणि तीही गुंठ्या-गुंठ्यानं. पाठीमागच्या या पत्र्याच्या खोल्या बघा. इथं खरेदीखत होणार नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. नोटरी केलेला कागद, लाईटबिल आणि शेजारी आधीच राहायला आलेला भाऊबंद, एवढ्या भांडवलावर तो घर बांधतो.

आता जमीनमालकाच्या बाजूनं हिशेब करू. या आरक्षणाचा मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. टीडीआर म्हणजे इथं बांधता येत नाही म्हणून दुसरीकडे बांधायचा हक्क; तो विकताही येतो. एका एकराचे ४० गुंठे. त्याचे ८ टक्के म्हणजे ३.२ गुंठ्यांएवढा हक्क. रस्त्यापलीकडच्या सपाट जमिनीचा भाव डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा ऐकला, की मालक काय म्हणत असेल ते वेगळं सांगायला नको. त्याला हावरट म्हणणं सोपं आहे. पण सगळ्या शहराला हवा आणि पाणी हवंय, आणि त्याचा भार मोजक्या सातबाऱ्यांवर टाकून आपण मोकळे झालो आहोत, हेही तितकंच खरं. माझ्या मते टेकडीवरच्या अनधिकृत बांधकामांना या अर्धवट हिशेबानंही पाणी घातलंय.

(दृश्य: ओढा. दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती, मध्ये हातभर पाणी.)

टेकडीवरून निघालेलं पाणी इथं येतं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा आंबिल ओढा. एरवी याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो भिंती पाडत सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली, गाड्या एकीवर एक चढल्या. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते, ओढा घरात आला. ओढ्याला विचारलं असतं तर त्यानं उलटं सांगितलं असतं.

(दृश्य: कोल्हापूर. पंचगंगेचा घाट.)

नदीकाठी रेषा दोन. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी. १०० वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोकांचा फार घोळ केलाय. परवाच येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असा अर्थ घेतला जातो. नदी असली पाळी लावून येत नाही. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की दरवर्षी तेवढा पूर यायची शक्यता ४ टक्के. मागच्या वर्षी आला असला, तरी यंदाही ४ टक्केच. आता निळ्या रेषेच्या काठावर २० वर्षांच्या कर्जानं घर घेतलंय असं धरा. कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी यायची शक्यता निघते ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेच्या काठावर घर असेल तर १८ टक्के.

कोल्हापूरकरांना हे गणित शिकवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं पोराटोरांना पाठ असतं. पावसाळ्यात एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न, पाणी किती फुटांवर? २००५, २०१९ आणि २०२१. सोळा वर्षांत तीन महापूर, त्यांतले शेवटचे दोन तर दोन वर्षांच्या अंतरानं.

आणि पूररेषाही जागची हलते, कारण तिच्या आत आपण भराव टाकतो. एका प्लॉटवर दहा डंपर माती पडली तर नदीला कळतही नसेल. पण काठाकाठानं प्रत्येकानं आपापला प्लॉट पाच फुटांनी उचलला, की पाण्याची पसरायची जागा गेली. मग ते वर चढतं आणि समोरच्या काठावर, ज्यानं भराव टाकलाच नाही, त्याच्या माजघरात जातं. नकाशावरची निळी रेघ मात्र आहे तिथंच, जुन्या पाण्याच्या हिशेबानं.

(दृश्य: खाडी. ओहोटीचा चिखल, तिवरांची मुळं.)

समुद्रावर मोजणी सुरू होते भरतीरेषेपासून. १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आला. गावाकडच्या किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेत, जिथं दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात अशा दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, त्याच २०० मीटरचे ५० झाले. समुद्र तसूभरही मागे गेला नव्हता.

यात कोळीवाड्यांची ओढाताण वेगळीच. होड्या लागतात तिथंच घर हवं, आणि घर वाढवायचं तर कायदा आडवा. नियम करताना डोळ्यांसमोर होतं हॉटेल. अडकलं ते कोळ्याचं पडवीला लागून काढलेलं एक खण. ज्याच्याकडे वकील आहे तो वाट काढतो, ज्याच्याकडे नुसतं जाळं आहे त्याला नोटीस येते. तरीही हा पट्टा नसता तर इथल्या तिवरांचं काय झालं असतं, ते मुंबईत भराव पडलेल्या खाड्या बघून कळतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला.

डहाणू, महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान. या तीन ठिकाणी केंद्रानं स्वतंत्र अधिसूचना काढून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची आखणी केली. १९९१, २००१ आणि २००३. माथेरानला तर मोटारी गावाबाहेरच थांबतात.

सह्याद्रीची गोष्ट लांबलेली आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. त्यावर कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये केंद्रानं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. मुदत संपली की नवा मसुदा, पुन्हा हरकती, पुन्हा मुदत. मसुद्यावर बांधकाम अडत नाही असं नाही, पण मसुदा तो मसुदाच.

(दृश्य: काळा पडदा. फक्त तारखा.)

३० जुलै २०१४. माळीण. पहाटेच्या पावसानंतर डोंगर गावावर आला. १५१ जणांचे मृत्यू.

३० जुलै २०२४. केरळमधलं वायनाड. मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवरही डोंगर आला.

३१ जुलै २०२४. पश्चिम घाट अधिसूचनेचा सहावा मसुदा. क्षेत्र सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० च्या आसपास. हरकतींसाठी ६० दिवस.

(दृश्य: नगरपरिषदेचा बोळ. भिंतीला टाचण्यांनी लावलेला विकास आराखडा.)

या सगळ्या रेघा शेवटी अशा एखाद्या बोळात येऊन लोकांना भेटतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती-सूचना मागवल्या. पिवळा रंग रहिवासी, हिरवा शेती आणि ना-विकास. माणसं येतात, मान तिरकी करून आपला गट नंबर शोधतात, मोबाईलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून बघतात. आराखडा मंजूर झाल्यावरही नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली त्यात ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. त्या कलमातल्या किरकोळ या शब्दाचा अर्थ लावण्यात बऱ्याच वकिलांची हयात गेली आहे.

एक म्हातारे गृहस्थ हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर नख ठेवून विचारतात, साहेब, ही रेघ माझ्या बांधाच्या अलीकडे आहे का पलीकडे?

नकाशाचं प्रमाण १:१०,०००. रेघ अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे जमिनीवर नुसत्या रेघेची जाडीच ५ मीटर. बांध त्या जाडीत कुठंतरी आहे.

क्लार्क खुर्ची मागे सरकवतो आणि भिंग शोधायला आत जातो.