पॉट्सडॅमच्या कागदावरची वेडीवाकडी रेघ

नमस्कार मंडळी. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या पट्ट्यात जमीन जरा हलली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली, नाशिकपासून इतक्या इतक्या किलोमीटरवर सौम्य धक्का, मेरीच्या, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या यंत्रावर नोंद. दिंडोरी रोडवरचं मेरीचं गेट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय, पण इथे बसून ते किलोमीटर काढतात कसे? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज रात्री मोठा भूकंप येणार' असं फिरवणाऱ्यांना आधीच सांगतो, भूकंप झाल्यावर मोजता येतो, तो तारीख-वेळ सांगून येत नाही, तेव्हा ते मेसेज पुढे ढकलू नका, जगभरात कुणालाच हे जमलेलं नाहीये.

आता मला जी गोष्ट सांगायची खाज असते ती सांगतो. साल १८८९, जर्मनी. अर्न्स्ट फॉन रेबर-पाश्वित्झ नावाचा तिशीही न गाठलेला खगोलशास्त्रज्ञ. त्याला भूकंपाशी काही घेणंदेणं नव्हतं बरं का, त्याला बघायचं होतं की चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन किंचित कलते का. त्यासाठी त्याने आडवा लंबक बनवला, वीतभरसुद्धा लांब नाही, त्यावर छोटा आरसा, आरशावर दिव्याचा किरण, आणि तो किरण पडतो हळूहळू फिरणाऱ्या रोलवरच्या फोटोच्या कागदावर. जमीन केसाएवढी कलली तरी कागदावरचा ठिपका सरकणार. असं एक यंत्र पॉट्सडॅमला, दुसरं विल्हेल्म्सहाफेनला, समुद्राकाठी.

झालं काय, १७ एप्रिलला संध्याकाळच्या सुमाराला दोन्हीकडे रेघ एकदम वेडीवाकडी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता बाहेरून गाडी गेली असेल, टाका तो कागद. याने ठेवला. (कागदावर लिहून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, आमच्याकडे पावसाची नोंद वहीत ठेवणारे म्हातारे शेतकरी असायचे, आता सगळं मोबाईलमध्ये आणि मोबाईल पडला की सगळं गेलं. असो.) पुढे काही आठवड्यांनी 'नेचर' साप्ताहिक चाळताना त्याला टोकियोच्या भूकंपाची बातमी दिसली. तारीख १८ एप्रिल. पण जपानचं घड्याळ युरोपच्या पुढे, म्हणजे दिवस तोच की! त्याने वेळ ताडून पाहिली, आणि ती जुळली. साधारण नऊ हजार किलोमीटरवर जपानची जमीन हलली आणि तिची लाट पृथ्वीतून जर्मनीतल्या कागदावर उमटली. परत सांगतो, नऊ हजार किलोमीटर, मधे कुणाला जाणवलंसुद्धा नाही. लांबच्या भूकंपाची ही पहिली ओळखलेली नोंद. जगभर यंत्रांचं जाळं हवं असं तो सांगत राहिला, पण क्षयाने पोखरला होता, १८९५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. रिश्टर सगळ्यांना पाठ, याचं नाव घेणारं कुणी नाही, मला हे पटत नाही.

वेळ थोडा राहिलाय, म्हणून बाकीचं पटापट. यंत्राचं तत्त्व सोपंय, एसटीने झटका दिला की उभा माणूस मागे राहतो तसं जमीन हलते आणि टांगलेलं जड वजन जागेवर राहू पाहतं, त्या दोघांतला फरक म्हणजे रेघ. या रेघांवरून रिचर्ड ओल्डहॅमने, तो आपल्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होता, १८९७ च्या आसामच्या भूकंपाच्या नोंदींवरून लाटा वेगळ्या काढून दाखवल्या. पी लाट आधी येते, ढकलत. एस लाट मागून, आडवं हलवत. पी आधी, एस मागून, एवढं लक्षात ठेवा. भूकंप जवळचा असेल तर दोघींच्या मधल्या सेकंदांना साधारण आठने गुणलं की किलोमीटर. पाच सेकंद, म्हणजे चाळीस किलोमीटर. दिशा मात्र एका नोंदणी केंद्रावरून धड कळत नाही, निदान तीन केंद्रांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळं काढायची, ती छेदतील तिथे भूकंप. सिंहस्थाच्या कामांचं खोदकाम शेजारीच चाललं तर यंत्राचं काय होत असेल, देव जाणे, आपल्या खिडक्या तर दिवसभर थरथरतायत.

भूकंप किती मोठा ते सांगायला रिश्टरने १९३५ मध्ये अंक दिले. अंक एकाने वाढला की जमिनीचं हलणं दहापट, ऊर्जा साधारण बत्तीसपट. दहापट नाही, ऊर्जा बत्तीसपट! आता मोठ्या भूकंपांना १९७९ पासूनचं दुसरं माप लावतात, आपण मात्र बातमीत अजून रिश्टरच म्हणतो, म्हणू देत. पण अंक म्हणजे नुकसान नव्हे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो ६.२ च होता, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड धाबं, ते अंगावर आलं. अंक एकच असतो, तीव्रता, म्हणजे प्रत्यक्ष किती हादरलं ते, मात्र गावागावाला वेगळी.

तर पुढच्या वेळी मांडणीवरची भांडी खणखणली, तर आधी टेबलाखाली शिरा, मग जमलं तर एक, दोन, तीन मोजा, मोठा हेलकावा येईपर्यंत. आणि गुणिले आठ. नमस्कार.