शंख-शिंपले घरी आणले, आता पुढे काय?

कोकणातली कुठलीही पुळण घ्या, गुहागर म्हणा, वेळास म्हणा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा बरंच आत जातं आणि वाळूवर जे काय पसरलेलं दिसतं ते बघून पोरंच काय, मोठी माणसंपण पिशव्या भरायला लागतात. भरा, पण प्रत्येक शंख आधी उलटा करून बघा. आत हर्मिट खेकडा अंग चोरून बसला असेल तर ते घर त्याचंय, ठेवून द्या. तोंडाशी झाकण घट्ट बसलेलं असेल तर मालक जिवंत आहे. आणि आइस्क्रीमच्या कोनासारखा शंख जिवंत वाटला तर हातच नको, त्यातल्या कोन स्नेल या समुद्री गोगलगायीचा डंख विषारी असतो.

नॉटिलस, हॉर्न्ड हेल्मेट, जायंट क्लॅम या शंख-शिंपल्यांच्या जाती तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. दुकानात दिसले तरी घेऊ नका.

घरी आल्यावर पहिलं काम साधं: गोड्या पाण्यात भिजत घालायचं, रोज पाणी बदलायचं, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. मीठ आणि वाळू एवढ्याने निघते. वास मारतोय म्हणजे आत मेलेला जीव अडकलाय, असा शंख पिशवीत बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा (घरच्यांना आधी सांगा!), मग हळूहळू वितळू द्या आणि पिनेने गोल फिरवत मांस ओढून काढा. उकळूनही निघतं, पण कवडीच्या बाबतीत नकोच, एकदम गरम-थंड झालं की तिच्या पाठीला तडे जातात, आणि ती चमक जिवंत प्राण्याने केलेली असते, गेली की गेली.

आता खरा घोळ. यूट्यूबवर बघून लोक व्हिनेगर, लिंबू, काहीजण तर टॉयलेट क्लीनर ओततात, बुडबुडे येतात आणि वाटतं, वा, साफ होतंय! अहो, शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, याच शिंपल्या भाजून आपल्याकडे चुना करायचे. ते बुडबुडे म्हणजे शंखच विरघळतोय. शेवाळ फारच असेल तर पाणी घातलेलं ब्लीच थोडा वेळ चालेल, पण त्याने वरचं तपकिरी साल निघून जातं आणि माझ्या मते ते साल ठेवावं, शंख खरा तसाच दिसतो. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र मात्र कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सुकल्यावर बेबी ऑइलचा एक हलका हात फिरवायचा, रंग खुलतात. खोबरेल नको, खवट होतं. वार्निश तर नकोच नको, शंख प्लास्टिकचे वाटायला लागतात.

एवढं केलं आणि लाकडी शोकेसमध्ये मांडले, तर पावसाळ्यानंतर अंगावर पांढरी पावडर आलेली दिसू शकते. बुरशी नव्हे ती. ओक, प्लायवूड, पुठ्ठा यातून आम्लाची वाफ निघते, दमट हवेत ती शंखावर बसते आणि क्षार तयार होतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लॉफ्टस बाइन या ब्रिटिश संग्राहकाने याबद्दल लिहिलं, त्याला तो जिवाणूंचा उपद्रव वाटला होता, नाव अजून त्याचंच आहे, बाइन्स डिसीज. पावडर धुऊन जाते, पडलेले खड्डे राहतात. म्हणून स्टीलचा डबा किंवा झिपवाली प्लास्टिकची पिशवी बरी, पण शंख आतून पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर ओल तिथेच कोंडते.

डब्यात एक चिठ्ठी टाका, कुठे सापडला आणि कधी. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई दमटपणात फुटते.