आचके देती का, डायरेक्ट बंद?

(चंदनापुरी घाट, पहाट. इंजिनचा आवाज सुरुवातीला तसाच ठेवावा.)

संगमनेरहून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात चंदनापुरीचा घाट लागतो. कसारा, खंबाटकी यांच्यापुढे या घाटाचं नाव कुणी घेत नाही. पण भरलेली पिकअप इथं दुसऱ्या गिअरवर येते, आणि गाडीत काही खोट असली तर ती इथंच उघडी पडते.

या गाडीत आज टोमॅटोचे साठ क्रेट आहेत, एकेका क्रेटमध्ये वीस किलो. जायचंय नारायणगावच्या बाजारात. आवाज ऐका... हा पहिला आचका. हा दुसरा. बंद.

महिन्याभरात हे सातव्यांदा झालंय. दर वेळी दहा मिनिटं थांबायचं, किल्ली फिरवायची, की पहिल्या सेल्फला गाडी चालू. जणू काही झालंच नाही.

(डॅशबोर्डवरचा खोका, जुने पार्ट.)

मालकानं काढून टाकलेले पार्ट फेकलेले नाहीत. दोन डिझेल फिल्टर, एक फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून घेणारा), आणि कुणीतरी सांगितलं म्हणून बदललेली बॅटरी. आता सल्ला मिळालाय मेन पंप, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल मारणारा पंप, खोलायचा. त्याचा खर्च ऐकून मालक घारगावला, या गॅरेजवर आले.

पत्र्याचं शेड आहे. मिस्त्री बॉनेट उघडत नाहीत. आधी विचारतात, "बंद पडताना आचके देती, का डायरेक्ट बंद?"

या एका प्रश्नात अर्धी गाडी बाद होते. बटण दाबून दिवा घालवावा तशी गाडी बंद पडत असेल, तर खोट बहुतेक करंटमध्ये. पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे करंटवर डिझेल सुरू-बंद करणाऱ्या खटक्याची, वायर सैल झालेली असते, किंवा नव्या गाड्यांत इंजिन फिरतंय का ते सांगणारा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलतच नाही. पण गाडी आचके देत, धाप लागल्यासारखी बंद पडत असेल, तर इंजिनला डिझेल कमी पडतंय.

"आचके देती," मालक सांगतात.

"मग पंपाला एवढ्यात हात लावायचा नाही. पंपाच्या मागचं बघू."

मागचं म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता. या गाडीत तिथं डिझेल ढकलणारं काही नाही. पुढून पंप ओढतो आणि टाकीतल्या डिझेलवर बाहेरच्या हवेचा जेवढा दाब, तेवढ्याच जोरावर डिझेल पुढं सरकतं. तो जोर जास्तीत जास्त एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). नव्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथं सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल जातं, तिथं पुढं दाब १६०० बारच्या वरही जातो, त्याची चर्चा सगळे करतात. या एका बारकडे मात्र कुणी बघत नाही.

मिस्त्री टाकीचं झाकण उघडतात आणि कान देतात. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं, तर उघडताना 'फुस्स' झालं असतं. आवाज नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घेतात. बाटलीच्या बुडाशी पाण्याचे चार थेंब, एवढ्यानं गाडी थांबत नाही.

(पारदर्शक नळी, जवळून.)

आता ही नळी. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये मिस्त्री प्लास्टिकची पारदर्शक नळी जोडतात. ओढणाऱ्या बाजूला पाइप चिरला, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, आणि गाडी 'एअर' घेते. म्हणून बुडबुडे बघायचे. गॅरेजमध्ये एकही दिसला नाही.

मग आम्ही बॉनेटखाली छोटा कॅमेरा बांधला, आणि गाडी पुन्हा घाटाच्या पायथ्याशी नेली.

(बॉनेटखालचं दृश्य. इथं निवेदन थांबवावं. नळी चपटी होईपर्यंत फक्त आवाज.)

बुडबुडे नाहीत. नळी स्वतःच आत ओढली जाऊन चपटी झाली. म्हणजे पंप जीव तोडून ओढतोय, आणि मागून कुणीतरी तोंड दाबून धरलंय. ज्या पंपाला खोलायला निघाले होते, तो धडधाकट आहे.

गॅरेजवर परत आल्यावर मिस्त्री उलट्या बाजूनं हवा मारतात. टाकीत बुडबुड आवाज येतो, लाइन मोकळी होते. बरेच जण इथं थांबतात. गाडी दोन दिवस पळते, मग पुन्हा घाट. मिस्त्री टाकी उतरवायला घेतात. पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत, त्यात पाऊण तास जातो.

आणि हे निघालं.

(तळहातावर प्लास्टिक.)

निळ्या कॅरीबॅगचा तुकडा, तळहाताएवढा. काही महिन्यांपूर्वी झाकण हरवलं होतं, तेव्हा टाकीच्या तोंडाला पिशवी लावून वर फडकं बांधलं होतं. तीच ही. मिस्त्री तुकड्याचा कोपरा फाडून पाण्याच्या बाटलीत टाकतात, तो तरंगतो. दुसरा कोपरा डिझेलमध्ये, तो सावकाश तळाला जातो. डिझेल पाण्याहून हलकं, आणि हे प्लास्टिक बरोबर दोघांच्या मधलं. टाकीच्या तळाशीच सक्शन पाइपचं तोंड असतं. सपाटीवर ओढ कमी, तुकडा पडून राहतो. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, तुकडा येऊन तोंडाला चिकटतो. इंजिन बंद झालं, ओढ संपली, तुकडा सुटून पुन्हा खाली. सात वेळा घाटात थांबलेली ती दहा मिनिटं यातच गेली.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली खोट वाचणारं यंत्र, लागतो, आणि तो घारगावच्या या शेडमध्येही आहे. पिशवीचा असाच तुकडा तिथं अडकला, तर स्कॅनर सांगेल की रेलचा दाब पडला. खरंच सांगेल. पण तेवढ्यावरून पंप बदलायचा की टाकी उतरवायची, हे ठरवणारा माणूस लागतोच, आणि त्या ठरवण्याची पावती कुणी फाडत नाही.

(वही.)

आजचं बिल बघा. टाकी उतरवणं-चढवणं, टाकी धुणं, दोन हाताची पारदर्शक नळी. नळी मिस्त्रींनी गाडीतच राहू दिलीय. एकूण नऊशे रुपये. प्रश्न विचारले, कान दिला, घाटाची फेरी मारली, त्याला वहीत रकाना नाही. "बघायचे कसले पैसे?" असं मिस्त्रीच म्हणतात.

महिन्यात तीन खेपा बाजार संपल्यावर पोचल्या होत्या. तो माल पडत्या भावानं गेला.

(चंदनापुरी घाट, दुसऱ्या दिवशीची पहाट. बॉनेटखालचा कॅमेरा. नळी गोल, डिझेलनं भरलेली. गाडी माथ्यावर येईपर्यंत इंजिनचा आवाज.)