साथीला बसण्याचं सुख
(डब्लिनमधल्या कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. छंदावर बोल, असं कार्यकारिणीनं सांगितलंय. दूध आटायच्या आत आटोपतो.

मी अकूस्टिक गिटार वाजवतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे कोणाचा वाढदिवस असला की फोन येतो, ‘गिटार घेऊन ये, गाणी म्हणू.’ मी येतो, म्हणतोही. पुण्यात कॉलेजात असताना गिटारची माझी ओळख एवढीच होती: चार कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरांचे गुच्छ), एक सहल आणि सगळ्यांच्या वरताण आवाज. आयर्लंडमध्ये आल्यावर याच वाद्याचं दुसरं काम कळलं, साथीचं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

इथल्या पबमधलं पारंपरिक संगीताचं ‘सेशन’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, निदान पाहुण्यांना दाखवायला नेलं असेल. इथल्या स्मिथफील्ड भागातला ‘कॉबलस्टोन’ पब त्यासाठी प्रसिद्धच आहे. 2021 साली तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक निषेधाला रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. सेशनला मंच नसतो. वादक टेबलाभोवती, एकमेकांकडे तोंड करून बसतात. श्रोत्यांकडे पाठ असली तरी कोणाला त्याचं काही वाटत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, कॉन्सर्टिना ही हातात मावणारी पेटी, कधी इलन पाइप्स, म्हणजे कोपरानं भाता दाबून वाजवायचे पाइप्स. कोणीतरी धून सुरू करतो, ज्यांना ती येते ते उचलतात, ज्यांना येत नाही ते ऐकत बसतात. समोर कागद नसतो. धुनेचे साधारणपणे आठ-आठ बारचे, म्हणजे तालाच्या आवर्तनांचे, दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे 32 बारचा एक फेरा. दोन-तीन फेरे झाले की न थांबता दुसरी धून. ती कोणती, हे सुरू करणाऱ्याच्या भुवया सांगतात.

या सगळ्यात गिटारवाला धून वाजवत नाही. तो खाली आधार धरतो. अलिखित नियम असा की एका वेळी एकच गिटार. दोन गिटारवाल्यांनी वेगवेगळे कॉर्ड धरले की सगळा चिखल होतो. म्हणून गिटार पेटीतून काढण्याआधी विचारायचं, ‘बसू का?’ आधीच कोणी साथीला असेल तर पेटी खुर्चीखाली सरकवायची आणि चहा मागवायचा. हो, चहाच. पबमध्ये चहा मागितला म्हणून आजवर माझ्याकडे कोणी वाकडं बघितलेलं नाही. घरच्यांना फोनवर सांगायला हरकत नाही.

आता थोडं तांत्रिक, पण गाणं शिकलेल्यांनी कान द्या. नेहमीच्या पद्धतीनं लावलेल्या गिटारची पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवल्या की वरच्या जाड तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी असे सूर मिळतात. ही पद्धत डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाच्या नावाशी जोडली जाते. सत्तरच्या दशकात ‘बॉथी बँड’ या आयरिश वाद्यवृंदातल्या मिहॉल ओ डोनलनं ती आयरिश संगीतात रुजवली. डी हा षड्ज धरा आणि मोकळ्या तारा छेडा: सा प सा म प सा. माझी आई इथे आली होती तेव्हा तिनं हे ऐकून विचारलं, ‘तंबोरा कधीपासून वाजवायला लागलास?’

पण खरी गंमत वेगळीच आहे. या तारांमध्ये गंधारच नाही. इथल्या धुना नुसत्या मेजर-मायनर स्केलच्या चौकटीत बसत नाहीत. काही थेट आपल्या काफी थाटाच्या स्वरांत असतात, काही खमाजच्या, बऱ्याचशा बिलावलच्या. गिटारवाल्यानं नेहमीचा मेजर कॉर्ड दणकून वाजवला तर तो शुद्ध गंधार लादतो, आणि कोमल गंधाराची काफीतली धून तिथल्या तिथे बिघडते. गंधार वगळून नुसता षड्ज-पंचम धरला तर निर्णय फिडलवाल्याच्या हाती राहतो. साथीदारानं काय वाजवू नये, याचं इतकं नेमकं शिक्षण मला हार्मोनियमच्या क्लासमध्येही मिळालं नव्हतं. ई मध्ये धून आली तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा, की तोच तंबोरा एक स्वर वर.

लयीचंही तसंच. जिग, स्लिप जिग, रील हे इथल्या नाचाच्या धुनांचे प्रकार. जिग सहा मात्रांची, तीन-तीनच्या गटांत. दादरा अंगात असलेल्याला ती लगेच सापडते, फक्त चाल फार जलद. स्लिप जिग नऊची. रील चारात धावते आणि तिथे उजव्या मनगटाची परीक्षा असते. मला विचाराल तर नव्या माणसानं जिगपासून सुरुवात करावी. रीलच्या मागे लागून हात आखडतो आणि मग माणूस गिटारला दोष देतो.

वाद्य महागच हवं असं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 1974 पासून लोडेनच्या गिटारी बनतात, त्या हातात घेऊन पाहाव्यात, किंमत पाहू नये. साधी, वरचं लाकूड स्प्रूसचं असलेली गिटार पुरते. हिवाळ्यात मात्र ती हीटरजवळ उभी करून ठेवू नका. बाहेर कितीही पाऊस असला तरी हीटरनं खोलीतली हवा कोरडी होते आणि लाकूड तडकतं. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असावी.

आता पालकांसाठी. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत टिन व्हिसल शिकवतात. तुमच्या मुलांना पाच-सहा धुना येत असतील, आणि त्या दप्तरातच राहिल्या असतील. घरी आपण मुलांना गाणं शिकवतो, श्लोक शिकवतो, मराठी शिकवतो, सतत शिकवतच असतो. इथे उलटं करता येतं. मुलीनं धून धरायची आणि बाबांनी दोन कॉर्ड धरून तिच्या मागे जायचं. ती थांबली की थांबायचं. आमच्या घरी हे सुरू झाल्यापासून माझ्या सूचना कमी झाल्यात, असं बायकोचं निरीक्षण आहे. ती तबला शिकलेली असल्यानं तिच्या सूचना मात्र वाढल्यात.

‘तुमच्याकडचं काहीतरी वाजव’ असं सेशनमध्येही विचारतात. सुरुवातीला मी टाळायचो, कारण मग मी पाहुणा कलाकार होतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. पुढे एकदा काफीतली एका भजनाची चाल वाजवली. दुसऱ्या फेऱ्याला फिडलवाल्या आजोबांनी ती उचलली, आणि तिसऱ्या फेऱ्याला शेवटच्या ओळीत त्यांची आयरिश वळणं घातली. वारकऱ्यांनी ऐकली असती तर काय म्हणाले असते, देव जाणे. मला ती आवडली आणि आता मी ती तशीच वाजवतो.

तर, पुढच्या महिन्यापासून रविवारी दुपारी याच हॉलमध्ये आपण संथ लयीचं सेशन करतोय. पबमध्ये मुलांना संध्याकाळनंतर थांबता येत नाही, म्हणून दुपार आणि म्हणून हॉल. शेजारपाजारचे दोन-तीन आयरिश वादकही येणार आहेत. व्हिसल डी सुराची आणा. माझ्याकडे एक जादा गिटार आहे. डावखुरे असाल तर आठवडाभर आधी सांगा, तारा उलट्या लावाव्या लागतील. गिटारवाले जास्त झाले तर आळीपाळीनं बसू. आणि बाउरॉन, म्हणजे इथला तो डफासारखा ढोल, ज्यांना घ्यावासा वाटतोय त्यांनी आधी माझ्या बायकोशी बोलावं.