पिवळी पिन चित्राचं काय करते?

(दृश्य: बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेला वृत्तनिवेदक, जवळून)

या शर्टाकडे पाहा. कापड साधं करडं आहे, तरी चौकड्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग हलताहेत. टीव्ही ठीक आहे. हा प्रताप सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेयर टीव्हीला जोडणाऱ्या पिवळ्या पिनेचा, म्हणजे कंपोझिट जोडणीचा.

या पिनेतून चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळून येतात. पाल (PAL) या भारतातल्या अॅनालॉग टीव्हीच्या रंगपद्धतीत रंगाचा सिग्नल 4.43 मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, आणि बारीक रेघांचा तपशीलही नेमका तिथेच येऊन पडतो. टीव्हीला दोन्ही पुरते वेगळे करता येत नाहीत. मग तो रेघांनाच रंग समजतो, आणि गडद रंगांच्या कडेने ठिपके सरकत राहतात.

एस-व्हिडिओच्या चार पिनांच्या गोल प्लगमध्ये उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. ठिपके जातात, पण चित्र ज्या आडव्या रेघांनी बनतं, त्या 576च राहतात.

(दृश्य: हिरवी, निळी, लाल पिन)

कंपोनंट जोडणी यापुढची. हिरव्या पिनेतून उजेड, निळ्या-लालमधून निळा आणि लाल रंग उजेडापेक्षा किती वेगळे, तो फरक. ही जोडणी 1080 रेघांपर्यंत जाते आणि अॅनालॉग असूनही चित्र छान देते. घोळ होतो तो जोडताना. नुसती हिरवी लागली, तर चित्र कृष्णधवल. निळी-लाल उलटसुलट झाली, तर चेहरे निळसर. शिवाय आवाजाचीही एक पिन लालच असते!

एचडीएमआय डिजिटल. इथे महागड्या केबलने रंग खुलत नाहीत. केबल कमी पडली, तर पडद्यावर चमचमते ठिपके येतात किंवा चित्र क्षणभर गायब होतं. 4के चित्र सेकंदाला 60 फ्रेमने, पूर्ण रंगांसह हवं असेल, तर सेकंदाला 18 गिगाबिट वाहून नेणारी ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल घ्या. 120 फ्रेमसाठी 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’.

केबल बदलूनही चित्र मऊच दिसतंय? प्लेयरच्या सेटिंगमध्ये आउटपुट 576वरच अडकलेलं असू शकतं. आणि बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल, तर टीव्हीतलं ओव्हरस्कॅन बंद करा. ते चालू असताना टीव्ही चित्र थोडं ताणून कडा कापतो, आणि या ताणण्यात अक्षरांची धार बोथट होते.