घंटेखाली भेटू

श्रोतेहो, नमस्कार. मित्रांबरोबर मोठ्या गर्दीच्या यात्रेला जायचं असेल तर काय काळजी घ्यावी, यावर बोला, असं मला सांगितलंय. बोलतो. पाण्याची बाटली, टोपी, गोळ्या हे तुम्हाला घरातून कुणी ना कुणी बजावतंच, ते मी परत सांगत नाही. मी सांगणार आहे ते एवढंच. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती अशी ठरवा की जगात तशी दुसरी नसेल. पुन्हा सांगतो, जागा आधी ठरवा. आम्ही ठरवली होती. तरी काय झालं ते ऐका.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं पवित्र शव दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात. ते १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, आणि दीड-एक वर्षात, १५५४ मध्ये, त्यांचा देह गोव्यात आणला गेला. गोवेकर त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. एरवी बॉम जिझसच्या बासिलिकेत चांदीची पेटी उंचावर असते, मान वर करून बघावी लागते. दहा वर्षांनी मात्र ते समोरच्या सी कॅथेड्रलमध्ये आणतात आणि काचेतून जवळून दर्शन होतं. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. हे चुकलं की थेट दहा वर्षं थांबा.

आम्ही चौघं शाळेतले मित्र. त्यातला कॅशियर वसईचा, ख्रिस्ती. नवस त्याच्या आईचा, आम्ही सोबत. दुसरा मास्तर, चित्रकलेचा. तिसरा डॉक्टर आणि चौथा मी. रात्रीच्या कोकणकन्येनं निघालो आणि सकाळी करमळीला उतरलो. जुन्या गोव्याला तेच स्टेशन जवळचं. जाता जाता एक सांगतो, खिडकीची जागा मिळून जो पडदा ओढून झोपतो, त्याला पुढच्या वेळी वरचा बर्थच द्यावा. आमचा डॉक्टर पेडण्यापर्यंत घोरत होता. कोकण बाहेरून गेलं निघून!

असो. रांगेत शिरण्याआधी मी पुढारीपण केलं. म्हटलं, “चुकलोच तर त्या मोडलेल्या मनोऱ्याच्या चर्चपाशी या. घंटेखाली भेटू.” आता सी कॅथेड्रलला मुळात दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला, दुसऱ्यात ती प्रसिद्ध सोन्याची घंटा आहे. माझ्या डोक्यात तेच चर्च. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरनं तर दोनदा डोलावली.

रांग हलेना. मांडवात कुणी जपमाळ ओढतंय, कुणी पोराला खांद्यावर झोपवतंय, एक आजी कागदी पंख्यानं स्वतःला कमी आणि शेजारणीला जास्त वारा घालत होत्या. मास्तर म्हणाला, “जरा हात-पाय मोकळे करून येतो.” गेला तो गेलाच.

आम्ही दर्शन घेतलं. मिनिटभर म्हणायचं, पण मिनिट कसलं, दोन श्वास. कॅशियरनं आईचा रुमाल काचेला टेकवला आणि त्याचे डोळे भरून आले. मग घंटेखाली उभे राहिलो. अर्धा तास. एक तास. मास्तर नाही. डॉक्टरनं त्याला फोन लावला, तर घंटी कॅशियरच्या पिशवीत वाजली! गाडीत चार्जिंगला लावलेला मास्तरचा फोन त्या पिशवीतच राहिला होता.

दीड तासानं तोच फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे मास्तर! कुणाच्या तरी फोनवरून स्वतःलाच फोन लावत होता, कारण त्याला पाठ असलेला नंबर तो एकच. आणि उलट चिडलेला. “अरे कुठे आहात तुम्ही? मी घंटेखाली कधीचा बसलोय!”

“आम्हीपण घंटेखालीच आहोत!”

“मग दिसत का नाही?”

श्रोतेहो, जुन्या गोव्यात मोडका मनोरा एकच नाही. टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे नुसते अवशेष आहेत, आणि त्यातही मनोरा, अर्धा पडलेला, लाल जांभ्याचा, लांबून दिसणारा. मास्तर तिकडे चढला. घंटा कुठे दिसेना. म्हणून त्यानं कुणाला तरी विचारलं, “इथली घंटा कुठाय?” तो माणूस जाणकार निघाला. म्हणाला, “ती १८७१ सालीच पणजीला नेली, मोठ्या चर्चमध्ये.” मास्तर शिस्तीचा माणूस. घंटेखाली भेटायचं ठरलंय ना? मग बस धरली, दहा किलोमीटर पणजी गाठली आणि पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांवर जाऊन बसला. वेळ होता, म्हणून घंटेचं चित्रही काढलं!

आता मला सांगा, चूक कुणाची? डॉक्टर अजून मास्तरची म्हणतो. माझीच. मी “सी कॅथेड्रल” एवढे दोन शब्द उच्चारायला हवे होते. जागेचं नाव घ्या. खूण सांगू नका, नाव घ्या.

मास्तर परत आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याचं दर्शन राहिलेलं, आणि दहा वर्षं कोण थांबणार? आमचं तर झालं होतं, पण कॅशियर काही न बोलता रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मग डॉक्टर. मग मीही. पंखेवाल्या आजी बाहेर पडत होत्या, आम्हाला परत बघून हसल्या.

बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. मी मास्तरला हाताला धरून मनोऱ्याखाली नेलं, वर बोट दाखवलं. म्हटलं, “ही बघ. गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा म्हणतात हिला.”

त्यानं बराच वेळ मान वर करून पाहिलं. मग वही उघडली, दुपारचं चित्र समोर धरलं, एक डोळा मिटून दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, “पणजीचीच मोठी वाटते.”