चाकाखालचा दगड

(पाटण येथे 11 डिसेंबरला दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

या तालुक्यात कुठेही बोलायला गेलो, की शेवटी एखादे आजोबा उठतात आणि विचारतात, "सर, खरं सांगा, 67 सालचा कोयनेचा भूकंप धरणामुळं झाला का?" आज त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. परिमाण 6.3. सुमारे 180 माणसं गेली. तुमच्यातल्या कितीतरी घरांत त्या पहाटेची आठवण आजही आहे, म्हणून मी त्याचं वर्णन करत बसत नाही. फक्त एक योगायोग सांगतो. या भूकंपानंतर 19 दिवसांनी, 30 डिसेंबरला, डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर या दोन भूभौतिक शास्त्रज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पृथ्वीचं कवच अखंड नसून ते ताठ तुकड्यांचं बनलेलं आहे आणि हे तुकडे गोलावर कसे सरकतात, याचं गणित त्यात मांडलं होतं. म्हणजे कोयनानगर ढासळलं तेव्हा या तुकड्यांचा, म्हणजे भूपट्टांचा, सिद्धान्त नुकता कुठे आकार घेत होता! खंडं सरकतात असं जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर 1912 मध्येच म्हणाला होता, पण ती सरकतात कशाच्या जोरावर हे त्याला पटवून देता आलं नाही, आणि बहुतेकांनी त्याचं म्हणणं बाजूला सारलं.

आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. 1967 पासून धरलं तर जवळपास तीन मीटर झाले. पुढे आशियाचा भूपट्ट आडवा उभा आहे. त्या धडकेतून हिमालय उचलला गेला आणि अजून उचलला जातोय. मागच्या बाजूला हिंदी महासागराच्या तळाशी कटक, म्हणजे पाण्याखालच्या डोंगररांगा, आहेत. तिथे खालून लाव्हा येतो, नवा तळ तयार होतो, आणि तोही आपल्याला ढकलतो. पुढून अडवलेलं, मागून रेटलेलं. हा ताण फक्त काठावर राहत नाही. आख्ख्या भूपट्टाच्या खडकात तो पसरतो, सह्याद्रीच्या पोटातही.

आता खडक जिथे सलग आहे तिथे तो ताण सोसतो. पण आपल्याखाली जुन्या भेगा आहेत, ज्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट चिकटून असतात. ताण वाढतो, घर्षण धरून ठेवतं. ज्या क्षणी घर्षण हरतं, त्या क्षणी दोन्ही बाजू झटक्यात सरकतात आणि वर्षानुवर्षं साठलेली ऊर्जा लाटा होऊन बाहेर पडते.

घाटाच्या उतारावर भरलेली बैलगाडी उभी आहे असं समजा. चाकाखाली दगड लावलाय. कुणी तो दगड काढला आणि गाडी सुटली. दगड काढणाऱ्याचा हात त्यात आहेच. पण उतार त्यानं केला नाही, गाडीतलं वजनही त्यानं भरलं नाही.

कोयनेत तो दगड पाण्यानं काढला. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, 1962 च्या सुमारास भरू लागला आणि त्यानंतर लहान धक्के जाणवायला लागले. 105 टीएमसी म्हणजे सुमारे 300 कोटी टन पाणी. मात्र वजन हा गोष्टीचा अर्धाच भाग. खोल दाबानं पाणी भेगांत शिरतं आणि भेगेच्या दोन्ही भिंतींना आतून बाहेर रेटतं, म्हणून त्यांची पकड सैल होते. पाणी वंगणाचं काम करतं असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, ते बरोबर नाही. काम दाबाचं आहे. पावसाळ्यात तलाव भरला की त्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, आणि 1985 पासून शिराळा तालुक्यात वारणा नदीवरचं चांदोलीचं धरण भरू लागल्यावर ही हालचाल वारणेच्या बाजूलाही दिसू लागली.

मग मोठं धरण म्हणजे भूकंप असं का नाही? उजनीत कोयनेपेक्षा जास्त पाणी मावतं. तिथे अशी धक्क्यांची मालिका सुरू झाली नाही. पाणी सगळीकडे पाणीच असतं, खालचा खडक आणि त्यातला ताण सगळीकडे सारखा नसतो. कोयना-वारणेचे धक्के साधारण 20 गुणिले 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच एकवटलेत, बहुतेक 10 किलोमीटरच्या आतल्या खोलीवर.

इतक्या कमी खोलीवर, इतक्या लहान जागेत, इतकी वर्षं चालू असलेली मालिका जगात दुर्मीळ आहे. म्हणून तर गोठणे गावात 3 किलोमीटर खोल विंधनविवर, म्हणजे बोअर, घेतलं. वरचा काळा बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. आपले धक्के त्या प्राचीन खडकातले. वरचा बेसाल्ट हे नुसतं पांघरूण, तेही 6.6 कोटी वर्षांचं!

मघाशी एका ताईंनी विचारलं, मग धरण रिकामं केलं तर? उतार, म्हणजे खडकातला ताण, तसाच राहील. शिवाय पाणी उतरतानाही खडकातला दाब बदलतो आणि धक्के येतात.

बदलता येण्यासारखं आहे ते घर. 67 साली माणसं मेली ती दगड-मातीच्या जड भिंतींखाली. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील, तर हादऱ्यानं ती मधोमध फुगते आणि दोन्हीकडे कोसळते. म्हणून गवंड्याला सांगा, ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाल, आणि लिंटलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या, उंचीवर सगळ्या भिंतींना बांधून घेणारा सळई-काँक्रीटचा सलग पट्टा घाल. जुनं घर असेल तर निदान ज्या भिंतीला पोट आलंय, तिच्या कडेला लेकराचं अंथरूण टाकू नका.